कन्व्हेन्शनल सेलमधून प्रिमिटिव्ह सेल आणि परत: सिलिकॉन आणि कॅल्साइट घेऊन केलेली उजळणी

स्फटिकाची रचना एक लहान ठोकळा पुन्हा पुन्हा मांडून सांगता येते; त्या ठोकळ्याला सेल म्हणतात. सिलिकॉनच्या सीआयएफ फाइलमध्ये, म्हणजे स्फटिकरचना लिहिण्याच्या प्रमाणित फाइलमध्ये, ५.४३१ आंगस्ट्रॉम बाजूचा घन असतो आणि त्यात ८ अणू असतात. तोच सिलिकॉन फक्त २ अणूंच्या सेलमध्येही पूर्ण मावतो. डीएफटीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढणाऱ्या क्वांटम गणनेच्या, नेहमीच्या पद्धतीत खर्च साधारण इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अणू चौपट झाले की प्रत्येक के-पॉइंटचा (गणना ज्या तरंग-व्हेक्टरांवर करतात त्यांतल्या एकाचा) खर्च चौसष्टपटीच्या आसपास जातो. मोठ्या सेलला के-पॉइंट कमी लागतात हे धरलं, तरी एकूण खर्च पंधरा-सोळा पट उरतोच. म्हणून सेल लहान करून घेणं हे पहिलं काम.

हे काम सॉफ्टवेअर एका कमांडमध्ये करतं, मग हाताने कशाला शिकायचं? कारण चूक झाली तर कमांड तसं सांगत नाही. चुकीच्या सेलवरही गणना चालते, ऊर्जेचा आकडा येतो, आलेखही निघतो. ती चूक पकडायला सेल बदलताना नेमकं काय बदलतं आणि कशाला धक्का लागत नाही हे स्वतःला ठाऊक असावं लागतं. इथे दोन पदार्थ शेवटपर्यंत सोडवले आहेत. सिलिकॉन सोपा आहे. कॅल्साइट अवघड आहे, आणि खरी परीक्षा त्याच्यावरच होते.

आधी अक्षर पाहा

लॅटिस म्हणजे बिंदूंची अनंत, नियमित मांडणी. कुठल्याही बिंदूवर उभं राहिलं तरी भोवतालचं दृश्य तेच दिसतं. लॅटिस निसर्गाची असते, सेल आपण निवडतो. ज्या सेलच्या वाट्याला लॅटिसचा एकच बिंदू येतो ती प्रिमिटिव्ह. सममिती डोळ्यांना सहज दिसावी म्हणून एकापेक्षा जास्त बिंदूंची मोठी सेल घेतली तर ती कन्व्हेन्शनल. एकाच लॅटिसच्या प्रिमिटिव्ह सेल असंख्य निघतात. सगळ्यांचं घनफळ सारखं, आकार मात्र वेगवेगळे.

कन्व्हेन्शनल सेलमध्ये किती बिंदू आहेत हे स्पेस ग्रुपच्या, म्हणजे स्फटिकाच्या सममितीच्या वर्गाच्या, नावाचं पहिलं अक्षर सांगतं. पी असेल तर एक बिंदू, म्हणजे सेल आधीच प्रिमिटिव्ह आहे आणि करण्यासारखं काही नाही. ए, सी किंवा आय असेल तर दोन, आर असेल तर षट्कोनी सेलमध्ये तीन, एफ असेल तर चार. सेलचं घनफळ आणि अणूंची संख्या तेवढ्याच पटीने कमी होणार.

इथे एक गल्लत फार आढळते. सिझियम क्लोराइडच्या चित्रात घनाच्या कोपऱ्यांवर एक अणू आणि मधोमध दुसरा दिसतो, म्हणून त्याला बॉडी-सेंटर्ड (आय) म्हटलं जातं. ते चूक आहे. मधला अणू वेगळ्या मूलद्रव्याचा आहे. कोपऱ्यावरून दिसणारं दृश्य आणि मधून दिसणारं दृश्य एक नाही. त्याची लॅटिस पी आहे आणि २ अणूंची ती सेल आणखी लहान होत नाही. साध्या तापमानाच्या लोखंडात दोन्ही जागी लोखंडच असतं, म्हणून तिथे आय. मॅग्नेशियम, जस्त यांच्या षट्कोनी सेलमध्ये एकाच मूलद्रव्याचे २ अणू असूनही अक्षर पीच आहे, कारण त्या दोन अणूंभोवतीच्या शेजाऱ्यांची दिशा वेगवेगळी असते. सेंटरिंग, म्हणजे कोपऱ्यांखेरीजचे लॅटिसचे बिंदू, अणूंच्या संख्येवरून ठरवू नका, पूर्ण दृश्य जुळतं का ते पाहा.

एक मॅट्रिक्स, चार नियम

कन्व्हेन्शनल सेलचे व्हेक्टर अ, ब, क. प्रिमिटिव्हचे अ′, ब′, क′. अणूचे अंशात्मक सहनिर्देशक, म्हणजे सेलच्या व्हेक्टरांच्या पटीत मोजलेली जागा, क्ष, य, झ. जुन्या व्हेक्टरांतून नवे व्हेक्टर करणाऱ्या मॅट्रिक्सला म म्हणू. क्रिस्टलोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय सारण्यांची पद्धत अशी, की व्हेक्टर एका ओळीत मांडायचे आणि म उजवीकडून लावायची:

(अ′ ब′ क′) = (अ ब क) × म

म्हणजे म चा पहिला स्तंभ हा अ′ ची कृती आहे, दुसरा ब′ ची, तिसरा क′ ची. हे एवढं घट्ट धरलं की बाकीचं आपोआप ठरतं:

सेलचे व्हेक्टर म ने बदलतात.
अणूंचे सहनिर्देशक म च्या व्यस्ताने बदलतात, आणि ते स्तंभात लिहायचे.
मिलर निर्देशांक, म्हणजे स्फटिकातल्या समांतर प्रतलांना दिलेले तीन आकडे, व्हेक्टरांसारखेच, म्हणजे ओळीत लिहून उजवीकडून म ने बदलतात.
दिशेचे निर्देशांक, म्हणजे चौकोनी कंसातले, सहनिर्देशकांसारखे म च्या व्यस्ताने बदलतात.

सहनिर्देशक उलटे का बदलतात? अणू अवकाशात जिथे आहे तिथेच राहतो. मोजपट्टी लहान केली की आकडा मोठा होणार. व्हेक्टर आणि सहनिर्देशक यांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे, म्हणून एकाला म लागला की दुसऱ्याला त्याचा व्यस्त.

म चा डिटरमिनंट म्हणजे घनफळांचं गुणोत्तर. एफसाठी तो १/४ यायला हवा, आय आणि सीसाठी १/२, आरसाठी १/३. ऋण आला तर उजव्या हाताची सेल डाव्या हाताची झाली आहे. कुठलेतरी दोन व्हेक्टर अदलाबदल करून ते दुरुस्त करा.

आता मॅट्रिक्सऐवजी सरळ व्हेक्टर लिहितो, म्हणजे ओळ की स्तंभ हा गोंधळच नको.

एफसाठी:
अ′ = (ब + क)/२
ब′ = (अ + क)/२
क′ = (अ + ब)/२

आयसाठी:
अ′ = (−अ + ब + क)/२
ब′ = (अ − ब + क)/२
क′ = (अ + ब − क)/२

सीसाठी:
अ′ = (अ − ब)/२
ब′ = (अ + ब)/२
क′ = क

आरसाठी, ऑबव्हर्स मांडणीत:
अ′ = (२अ + ब + क)/३
ब′ = (−अ + ब + क)/३
क′ = (−अ − २ब + क)/३

याच निवडी बरोबर आणि दुसऱ्या चूक, असं नाही. मात्र एकदा निवड केली की इनपुट फाइल, के-पथ (बँड आलेखासाठी के-पॉइंटांची ठरावीक वाट), निबंधातला तक्ता, सगळीकडे तीच ठेवायची. माझा आग्रह आहे की वापरलेली मॅट्रिक्स फाइलमध्येच टिप्पणी म्हणून लिहून ठेवावी. सहा महिन्यांनी ती फाइल उघडणाऱ्याला, मग ते तुम्ही स्वतः असाल तरी, त्या एका ओळीने फार श्रम वाचतात.

सिलिकॉन, पहिल्यापासून

सिलिकॉनचा स्पेस ग्रुप क्रमांक २२७, अक्षर एफ. कन्व्हेन्शनल सेलमधल्या ८ अणूंच्या जागा:

(०, ०, ०), (०, १/२, १/२), (१/२, ०, १/२), (१/२, १/२, ०)
(१/४, १/४, १/४), (१/४, ३/४, ३/४), (३/४, १/४, ३/४), (३/४, ३/४, १/४)

आधी नव्या सेलचा आकार. अ′ म्हणजे (ब + क)/२. ब आणि क काटकोनात आहेत आणि दोघांची लांबी ५.४३१. म्हणून अ′ ची लांबी ५.४३१ भागिले √२, म्हणजे ३.८४० आंगस्ट्रॉम. तिन्ही व्हेक्टरांची लांबी तीच. कोन हवा असेल तर अ′ आणि ब′ चा डॉट गुणाकार घ्या: (ब + क) आणि (अ + क) यांत समान पद फक्त क, म्हणून उत्तर बाजूचा वर्ग भागिले ४. त्याला लांबीच्या वर्गाने, म्हणजे बाजूचा वर्ग भागिले २ ने, भागलं की कोसाइन १/२ येतो. कोन ६० अंश.

घनफळ तपासू. घनाचं १६०.२ घन आंगस्ट्रॉम, त्याचा चौथा भाग ४०.०५.

आता अणू. एफच्या म चा व्यस्त लावल्यावर सूत्रं अशी होतात:

क्ष′ = −क्ष + य + झ
य′ = क्ष − य + झ
झ′ = क्ष + य − झ

(०, १/२, १/२) चे होतात (१, ०, ०). पूर्ण सेलभर सरकलं तरी जागा तीच, म्हणून पूर्णांक काढून टाकला की (०, ०, ०), म्हणजे पहिलाच अणू. पुढचे दोन तसेच. (१/४, १/४, १/४) आहे तसाच राहतो. (१/४, ३/४, ३/४) चे होतात (५/४, १/४, १/४), पूर्णांक काढल्यावर पुन्हा (१/४, १/४, १/४). आठांचे दोन उरले. प्रत्येक जागेवर चार-चार अणू येऊन बसले, आणि ते तसेच बसायला हवेत. एखाद्या जागेवर तीन आणि दुसरीवर पाच आले तर कुठेतरी चुकलं आहे.

शेवटचा पडताळा सर्वांत जवळच्या अणूंमधल्या अंतराचा. घनात ते बाजू गुणिले √३ भागिले ४, म्हणजे २.३५२ आंगस्ट्रॉम. प्रिमिटिव्ह सेलमध्ये तिरके कोन असल्यामुळे पायथागोरस सरळ चालत नाही, कोनांची पदं धरावी लागतात. (१/४, १/४, १/४) साठी अंतराचा वर्ग = लांबीचा वर्ग × (१/१६) × (३ + ६ × १/२). ३.८४० चा वर्ग १४.७५. त्याला ६/१६ ने गुणलं की ५.५३, आणि वर्गमूळ २.३५२. जुळलं.

सिलिकॉनच्या फाइलमध्ये कधीकधी पहिला अणू (०, ०, ०) वर नसून (१/८, १/८, १/८) वर असतो. घाबरू नका. या स्पेस ग्रुपचे दोन आरंभबिंदू प्रचलित आहेत आणि दुसऱ्या निवडीत आरंभबिंदू दोन अणूंच्या बरोबर मध्ये येतो. प्रिमिटिव्हमध्ये मग अणू (१/८, १/८, १/८) आणि (७/८, ७/८, ७/८) वर दिसतात. रचना तीच आहे. मात्र एका फाइलमधला एक अणू आणि दुसऱ्या आरंभबिंदूच्या फाइलमधला दुसरा अणू असं मिश्रण करू नका.

मिलर निर्देशांकांसाठी एफच्या व्हेक्टरांची तीच कृती एच, के, एल यांना लावा. नवा एच = (के + एल)/२, नवा के = (एच + एल)/२, नवा एल = (एच + के)/२. (१११) चा (१११) राहतो, (२२०) चा (११२) होतो. आणि (१००)? त्याचे होतात (०, १/२, १/२). पूर्णांक आले नाहीत, म्हणजे रेसिप्रोकल लॅटिसमध्ये (समांतर प्रतलांचा प्रत्येक संच बिंदूने दाखवणाऱ्या लॅटिसमध्ये) त्या जागी बिंदूच नाही. एफ लॅटिसमध्ये निर्देशांक सगळे सम किंवा सगळे विषम असावे लागतात, हा पाठ केलेला नियम इथून आपोआप निघतो. (२००) चे मात्र (०११) होतात, पूर्णांक आहेत, तरी सिलिकॉनच्या एक्स-रे आलेखात ते शिखर नसतं. ते २ अणूंच्या आपापसातल्या व्यतिकरणामुळे नाहीसं होतं, लॅटिसमुळे नाही. सेल बदलल्याने लॅटिसमुळे येणारा अभाव दिसेनासा होतो, अणूंच्या मांडणीमुळे येणारा तसाच राहतो. हा फरक एकदा उलगडला की एक्स्टिंक्शनचे, म्हणजे नाहीशा होणाऱ्या शिखरांचे, तक्ते पाठ करावे लागत नाहीत.

आय आणि सीबद्दल थोडक्यात. लोखंडाची बाजू २.८६६ आंगस्ट्रॉम, प्रिमिटिव्ह बाजू तिच्या √३/२ पट म्हणजे २.४८२, कोन १०९.४७ अंश. ही लांबी म्हणजेच शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर. सीचं चांगलं उदाहरण बीटा गॅलियम ऑक्साइड: कन्व्हेन्शनलमध्ये २० अणू, प्रिमिटिव्हमध्ये १०. अ सुमारे १२.२३ आणि ब सुमारे ३.०४ आंगस्ट्रॉम असल्यामुळे अ′ आणि ब′ दोन्ही ६.३० चे होतात आणि त्यांच्यातला कोन जेमतेम २८ अंशांचा. इतकी चपटी सेल पाहून काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं, पण ती बरोबर आहे.

परतीचा प्रवास

प्रिमिटिव्हमधून कन्व्हेन्शनलकडे जायचं तर म चा व्यस्त व्हेक्टरांना लावायचा. एफसाठी:

अ = −अ′ + ब′ + क′
ब = अ′ − ब′ + क′
क = अ′ + ब′ − क′

सहनिर्देशकांना आता म लागेल. पण सेल चौपट झाली, म्हणून प्रत्येक अणूचे चार करावे लागतात: नवे सहनिर्देशक काढा, मग त्यांत (०, ०, ०), (०, १/२, १/२), (१/२, ०, १/२), (१/२, १/२, ०) हे चार सेंटरिंग व्हेक्टर एकेक करून मिळवा, आणि पूर्णांक काढून टाका. व्हेक्टर बदलून अणू वाढवायचे राहिले तर सेलच्या तीन चतुर्थांश भागात पोकळी राहते. घनता काढली की हे लगेच उघडं पडतं.

हातात आलेली प्रिमिटिव्ह सेल कुठल्या लॅटिसची आहे हेच माहीत नसेल, तर ही सूत्रं पुरत नाहीत. आधी निगली रिडक्शन करून सर्वांत आखूड व्हेक्टर शोधायचे, मग सममिती ओळखायची, मग योग्य मॅट्रिक्स निवडायची. ते काम निश्चितपणे संगणकाचं.

कॅल्साइट: इथे खरी कसोटी

दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइटांच्या सोबतीने कॅल्साइटचे सुरेख स्फटिक सापडतात. नाशिक, जळगाव, पुणे भागातल्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. कॅल्साइटवर हलका घाव घातला की त्याचे समांतरभुज तुकडे पडतात. फ्रान्समध्ये रने-झ्यूस्त आय्वी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस याच तुकड्यांवरून स्फटिक लहान लहान एकसारख्या ठोकळ्यांचे बनलेले असतात असा सिद्धांत मांडला. युनिट सेलच्या कल्पनेचं मूळ तिथे आहे.

आणि गंमत अशी की तो तुटलेला तुकडा कॅल्साइटची प्रिमिटिव्ह सेल नाही. तुकड्याच्या पृष्ठाचा कोन सुमारे १०१.९ अंश भरतो. प्रिमिटिव्ह सेलचा कोन ४६.१ अंश आहे. हे कुठून येतं ते पाहू.

कॅल्साइटचा स्पेस ग्रुप क्रमांक १६७, अक्षर आर. षट्कोनी सेल: अ = ४.९९ आंगस्ट्रॉम, क = १७.०६ आंगस्ट्रॉम, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे ६ रेणूघटक, म्हणजे ३० अणू. घनफळ = अ चा वर्ग × क × √३/२ = ३६७.९ घन आंगस्ट्रॉम. यावरून घनता काढली तर २.७१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. कॅल्साइटची मोजलेली घनता हीच आहे, म्हणजे सुरुवातीची फाइल धड आहे. हा पडताळा रूपांतर करण्याआधी करायचा, नंतर नाही.

प्रिमिटिव्ह बाजू = (१/३) × √(३ × अ चा वर्ग + क चा वर्ग) = (१/३) × √(७४.७ + २९१.०) = ६.३७ आंगस्ट्रॉम.

कोनासाठी: अर्ध्या कोनाचा साइन = अ भागिले प्रिमिटिव्ह बाजूची दुप्पट = ४.९९/१२.७५ = ०.३९१. अर्धा कोन २३.०४, पूर्ण कोन ४६.१ अंश. घनफळ १२२.६ घन आंगस्ट्रॉम, अणू १०.

सहनिर्देशकांची सूत्रं:

क्ष′ = क्ष + झ
य′ = −क्ष + य + झ
झ′ = −य + झ

कॅल्शियम (०, ०, ०) आणि (०, ०, १/२) वर आहे, त्यांचे होतात (०, ०, ०) आणि (१/२, १/२, १/२). कार्बन (०, ०, १/४) चा (१/४, १/४, १/४), आणि दुसरा (३/४, ३/४, ३/४). ऑक्सिजन (०.२५७, ०, ०.२५) चा (०.५०७, −०.००७, ०.२५), म्हणजे सेलच्या आत आणल्यावर (०.५०७, ०.९९३, ०.२५). असे ६ ऑक्सिजन. २ + २ + ६ = १०.

कार्बन ते ऑक्सिजन अंतर षट्कोनी सेलमध्ये ०.२५७ × ४.९९ = १.२८ आंगस्ट्रॉम आहे. प्रिमिटिव्हमध्ये दोघांच्या सहनिर्देशकांतला फरक (०.२५७, −०.२५७, ०), आणि अ′ − ब′ म्हणजे जुना अ च. पुन्हा १.२८.

आता तो तुकडा. कॅल्साइट ज्या पृष्ठांवर फुटतो ते षट्कोनी निर्देशांकांत (१०४). आरच्या सूत्रांनी: (२ + ० + ४)/३ = २, (−१ + ० + ४)/३ = १, (−१ − ० + ४)/३ = १. म्हणजे प्रिमिटिव्ह सेलमध्ये (२११). तुटण्याची पृष्ठं प्रिमिटिव्ह सेलची पृष्ठं असती तर (१००) आलं असतं. आय्वींना एक्स-रे उपलब्ध नव्हते. कॅल्साइटची अणुरचना लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१४ मध्ये एक्स-रेच्या साहाय्याने मांडली आणि मग दोन्ही कोनांचा मेळ बसला. जुन्या खनिजशास्त्रातले कॅल्साइटचे निर्देशांक तुटणाऱ्या तुकड्यावर बेतलेले आहेत, तेव्हा जुना तक्ता वापरताना आधी तो कुठल्या सेलचा आहे हे पाहा.

आरमध्ये लपलेल्या तीन अडचणी

पहिली ऑबव्हर्स आणि रिव्हर्स. षट्कोनी सेलच्या आतले दोन जादा बिंदू (२/३, १/३, १/३) आणि (१/३, २/३, २/३) वर असतील तर मांडणी ऑबव्हर्स. ते (१/३, २/३, १/३) आणि (२/३, १/३, २/३) वर असतील तर रिव्हर्स, आणि वरची सूत्रं चालणार नाहीत. ओळखायचं कसं? ऑबव्हर्समध्ये −एच + के + एल हे ३ ने भाग जाणारं हवं, रिव्हर्समध्ये एच − के + एल. कॅल्साइटच्या पावडर आलेखातलं सर्वांत ठळक शिखर (१०४) आहे, ३.०३५ आंगस्ट्रॉमवर. ऑबव्हर्सच्या नियमात त्याची बेरीज ३, चालतं. रिव्हर्समध्ये ५, चालत नाही. चुकीची मांडणी लावली तर रूपांतरानंतर ३० अणूंचे १० होत नाहीत, कारण (२/३, १/३, १/३) चा बिंदू आरंभबिंदूवर येऊन बसत नाही.

दुसरी अडचण आकड्यांच्या तुटीची. फाइलमध्ये २/३ हे ०.६६६७ आणि १/३ हे ०.३३३३ असं लिहिलेलं असतं. मग य′ = −०.६६६७ + ०.३३३३ + ०.३३३३ = −०.०००१, सेलमध्ये आणल्यावर ०.९९९९. प्रोग्रामला हा अणू (०, ०, ०) पेक्षा वेगळा वाटतो आणि एकाच जागी दोन कॅल्शियम राहतात. म्हणून तुलना करताना ०.९९९९ आणि ० हे शेजारी आहेत हे प्रोग्रामला सांगावं लागतं: फरक घ्या, त्यातून जवळचा पूर्णांक वजा करा, मग ०.००१ सारख्या मर्यादेशी ताडून पाहा. शक्य असेल तर फाइलमध्येच ०.६६६६६६६७ असे पुरेसे अंक लिहा.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एफ आणि आयच्या मॅट्रिक्स सममित आहेत. ओळी आणि स्तंभ अदलाबदल केले तरी त्या बदलत नाहीत. म्हणून स्क्रिप्टमध्ये ट्रान्सपोज करायचं राहिलं तरी सिलिकॉन, लोखंड, मीठ, सगळे बरोबर उत्तर देतात. आरची मॅट्रिक्स सममित नाही. कॅल्साइटवर तीच स्क्रिप्ट चालवली आणि ट्रान्सपोज चुकलेला असला, तर तीन समान बाजूंऐवजी ७.१९, ११.४९ आणि ५.९२ आंगस्ट्रॉम अशा तीन वेगळ्या बाजू येतात. आणि घनफळ? ते १२२.६ च येतं, कारण ट्रान्सपोजचा डिटरमिनंट बदलत नाही. घनफळाच्या पडताळ्यावर विसंबून राहणाऱ्याला ही चूक दिसणारच नाही.

तेव्हा स्वतः लिहिलेली कुठलीही स्क्रिप्ट सिलिकॉनवर नव्हे, कॅल्साइटवर तपासा. पायथनमध्ये व्हेक्टर बहुधा ओळींत ठेवलेले असतात, वास्प या डीएफटी प्रोग्रामच्या पॉस्कार या रचनेच्या फाइलमध्येही तसंच. तशा वेळी म चा ट्रान्सपोज डावीकडून लावायचा. अणूही ओळींत असतील तर त्यांना म च्या व्यस्ताचा ट्रान्सपोज उजवीकडून.

सॉफ्टवेअरकडून करून घेताना

स्पग्लिब ही लायब्ररी सेल प्रमाणित रूपात आणते, आणि पायमॅटजेनसारखी साधनंही सममितीसाठी तिच्यावरच उभी आहेत. तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, प्रिमिटिव्ह हवी की कन्व्हेन्शनल. दोन, सेल आदर्श रूपात फिरवून द्यायची की आहे त्याच दिशेत ठेवायची. दुसऱ्या पर्यायाकडे लक्ष द्या. आदर्श रूप मागितलं तर अख्खा स्फटिक अवकाशात फिरतो. ऊर्जेला फरक पडत नाही, पण तुम्ही आधी काढलेले बल, विद्युतक्षेत्राची दिशा, चुंबकीय आघूर्ण जुन्या दिशेतच राहतात आणि मेळ तुटतो.

सममिती ओळखायची मर्यादाही तपासा. रिलॅक्स केलेल्या, म्हणजे अणू कमीत कमी ऊर्जेच्या जागी सरकू दिलेल्या, रचनेत अणू जरासे हललेले असतात. मर्यादा फार कडक ठेवली तर स्पग्लिबला सेंटरिंग दिसतच नाही आणि ती कन्व्हेन्शनल सेलच प्रिमिटिव्ह म्हणून परत देते. फार ढिली ठेवली तर खरीखुरी विकृती पुसली जाते, आणि फेरोइलेक्ट्रिक पदार्थात तर तीच महत्त्वाची असते. दोन-तीन वेगवेगळ्या मर्यादांवर स्पेस ग्रुप काढून पाहा. तो स्थिर राहत असेल तर पुढे जा.

क्वांटम एस्प्रेसो या डीएफटी प्रोग्राममध्ये आयब्राव (लॅटिसचा प्रकार सांगणारा आकडा) २ दिलं की एफची प्रिमिटिव्ह सेल मिळते, पण तिचे व्हेक्टर वर दिलेले नाहीत. तिथे पहिला (−अ + क)/२, दुसरा (ब + क)/२, तिसरा (−अ + ब)/२ असतो. घनातल्या (१/४, १/४, १/४) वरच्या अणूचे सहनिर्देशक या व्हेक्टरांत (−१/४, ३/४, −१/४) होतात. तिथे सवयीने (१/४, १/४, १/४) लिहिलं तर अणू घनाच्या (−१/४, १/४, १/४) वर जातो. सिलिकॉन तरी सिलिकॉनच राहतो, फक्त वेगळ्या दिशेत मांडलेला, पण अधिक अणूंच्या पदार्थात असं सुखरूप सुटणं होत नाही. माझं मत, आयब्राव ० ठेवून व्हेक्टर स्वतः लिहावेत.

गणनेत काय काय बदलतं

के-ग्रिड, म्हणजे के-पॉइंटांची जाळी, तशीच ठेवू नका. सिलिकॉनच्या घनासाठी ८×८×८ पुरेशी असेल तर प्रिमिटिव्हला त्याच घनतेसाठी १२ ते १४ हवेत, कारण लहान सेलचा ब्रिल्वाँ झोन (रेसिप्रोकल लॅटिसची प्रिमिटिव्ह सेल) चौपट मोठा. ऊर्जा नेहमी प्रति अणू ताडून पाहा. दोन्ही सेलची प्रति अणू ऊर्जा ग्रिड पुरेशी दाट केल्यावर एकच यायला हवी, आणि रूपांतर बरोबर झाल्याचा हा फार चांगला पुरावा आहे.

बँड आलेख, म्हणजे के-पॉइंटनुसार इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचा आलेख, काढायचा तर प्रिमिटिव्हच घ्या. घनाच्या सेलमध्ये बँड दुमडतात. सिलिकॉनच्या कंडक्शन बँडचा तळ गॅमा (ब्रिल्वाँ झोनचं केंद्र) ते एक्स (त्याच्या कडेवरचा एक बिंदू) या रेषेवर सुमारे ८५ टक्के अंतरावर असतो. घनाच्या रेसिप्रोकल लॅटिसमध्ये तो एक्स बिंदू गॅमावरच येऊन पडतो, आणि बँडचा तळ गॅमाच्या दुसऱ्या बाजूने १५ टक्क्यांवर दिसतो. आलेखाकडे ओझरतं पाहणाऱ्याला सिलिकॉनचा गॅप जवळजवळ थेट वाटेल. बँड गॅपचा आकडा बरोबर असतो, त्याची जागा फसवते. के-पथांचे तयार तक्तेही विशिष्ट प्रिमिटिव्ह सेलसाठीच असतात. सेतियावान आणि कुर्तारोलो यांची २०१० ची पद्धत घेतली तर सेलही त्यांच्याच पद्धतीची हवी, नाहीतर एक्स, एल, के ही नावं भलत्याच बिंदूंवर जाऊन बसतात.

उलट, पृष्ठभागाचा स्लॅब कापायचा असेल, घन दिशांना ताण देऊन इलॅस्टिक स्थिरांक काढायचे असतील किंवा एखादी डोपिंगची सुपरसेल करायची असेल, तर कन्व्हेन्शनलपासून सुरुवात करणं सोयीचं पडतं.

आणि चुंबकीय पदार्थांत घाई नको. निकेल ऑक्साइडची रचना मिठासारखी, लॅटिस एफ, रासायनिक प्रिमिटिव्ह सेल २ अणूंची. पण त्यात निकेलच्या शेजारच्या (१११) थरांचे स्पिन एकमेकांच्या उलट असतात. २ अणूंच्या सेलमध्ये निकेल एकच असल्यामुळे उलटा स्पिन मांडायला जागाच उरत नाही, आणि गणना मुकाट्याने फेरोमॅग्नेटिक उत्तर देते. चुंबकीय प्रिमिटिव्ह सेल ४ अणूंची आहे. स्पग्लिबला ती शोधायला सांगताना वर-स्पिनचे आणि खाली-स्पिनचे निकेल दोन वेगळ्या प्रकारचे अणू म्हणून द्या. ४ अणू परत आले तरच पुढची गणना सुरू करा.